दिवसभर उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यातली लगीनसराई सुरू झाली की लातूरच्या गंजगोलाईपासून संभाजीनगरच्या गुलमंडीपर्यंत कापड दुकानांतले कामगार सकाळपासून रात्रीपर्यंत उभे असतात. पोटरीवर निळ्या, गाठाळ शिरा उठल्या तरी ‘दिवसभर पायावरच असतो की, अजून कसला व्यायाम?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पायातलं रक्त वर चढवण्याचं बरंचसं काम पोटरी करते. पाऊल टाकताना पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि शिरांतल्या झडपा वर गेलेलं रक्त खाली उतरू देत नाहीत. स्थिर उभं असताना घोट्यापाशी शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिमी पारा असतो. चालू लागलं की निरोगी पायात तो २०-३० पर्यंत उतरतो. नुसतं उभं राहिलं तर घोटा हलतच नाही. त्यात उष्णतेनं शिरा आणखी सैलावतात, म्हणून मे महिन्यात पाय जास्त भरून येतात.

काउंटरमागे जमेल असा व्यायाम सोपा आहे. हाताच्या बोटांनी काउंटरचा आधार घेऊन दोन्ही टाचा सावकाश उचला, चवड्यावर दोन-तीन सेकंद थांबा, तितक्याच सावकाश खाली या. दर तासाला पंधरा वेळा. बहुतेकजण झटके देत भराभर उरकतात आणि टाच पुरती टेकवतच नाहीत. पोटरी सैल पडल्याशिवाय तिच्यातल्या शिरा पुन्हा भरत नाहीत, मग वर ढकलणार काय? घोटा आखडला असेल तर भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला ठेवून तीस सेकंद पोटरी ताणा. रोज अर्धा तास चाला, पण चपला फरफटत नको. घरी आल्यावर पंधरा मिनिटं पाय छातीपेक्षा उंच ठेवा. त्याला एक उशी पुरत नाही.

व्यायामानं सूज आणि जडपणा कमी होतो. निकामी झडप मात्र दुरुस्त होत नाही, फुगलेली शीर नाहीशी होत नाही; तसं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नये. दाबाचे मोजे माप देऊन घ्यावेत, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवावेत. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात, नाहीतर मोज्यांनीच इजा व्हायची. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो चोळू नये. गुठळीची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शीर फुटून रक्त आलं तर आडवं होऊन पाय वर करा आणि स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. वर दोरी आवळू नका.

उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, असं २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ४४ सांगत होतं. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांसाठीही तशी तरतूद केली. आपल्याकडच्या व्यापारी संघटनांनी सरकारची वाट न पाहता निदान दोन माणसांत एक स्टूल द्यावं. ते उंच असेल तर पाय टेकायला खाली आडवी दांडी हवी, नाहीतर लोंबत्या पायांतही रक्त साचतंच.

— एक फिजिओथेरपिस्ट, लातूर