भादव्यातली परसबाग

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

पोळा झाला, आता परसात काय काय करू म्हणून विचारलंस. सध्या कुदळीला हातच लावू नको. आपली काळी माती ओली खणली की ढेकळं वाळून दगडासारखी होतात, मग त्यात ना मेथी निघत ना सांबार, म्हणजे कोथिंबीर. मूठभर माती दाबून कमरेएवढ्या उंचीवरून सोड. फुटली तर वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी झाली समज, गोळा तसाच राहिला तर आणखी दोन दिवस थांब.

तोवर संत्र्याच्या झाडांकडे पाहा. बुंध्याजवळ पाणी साचलं की साल कुजते आणि तिथून डिंक गळतो. म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढ. खोडाला चढलेली माती ओढून कलमाचा डोळा, म्हणजे कलम बांधलेला सांधा, उघडा कर. तो कधीच मातीत नको. डिंकाची जागा चाकूनं खरवड, कुजलेली साल हिरवी लागेपर्यंत काढ. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट टाकून जखम धू.

वरून बोर्डो मलम लाव. दोन-तीन झाडांना 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुरतं. अर्ध्या लिटरात मोरचूद, अर्ध्यात चुना, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजव. लोखंडी बादली घेशील तर मोरचूद तिलाच खाईल. चुना निवला की गाळून घे आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काडीनं ढवळ. त्यात कोरं ब्लेड मिनिटभर बुडव. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाल, नाहीतर साल पोळते. जमिनीपासून हातभर-दोन हात, कमरेपर्यंत खोडाला ब्रशनं लाव. उरलं तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नको, त्यात दम राहत नाही.

भेंडीची केवडा पडलेली झाडं उपटून टाक. पानं पिवळी जाळीदार झाली की ती सुधरत नाहीत, पांढरी माशी मात्र तिथूनच बाकीच्यांवर जाते. बरबटीच्या (चवळीच्या) चांगल्या शेंगा बियाण्यासाठी वेलावरच वाळू दे.

टमाटर-वांग्याची रोपं टाकायची तर वाफा वीतभर उंच हवा. बी बोटाच्या पेराहून कमी खोल, ओळीत पेर. बी फेकून पेरलं तर रोपं दाट होऊन बुडाशी कोलमडतात. पाणी सकाळीच द्यायचं, सांजेला नाही.

सांबाराचे धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कर, रातभर भिजव. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला 25 ग्रॅम पुरतात. सगळे एकदम पेरू नको. ऑक्टोबरची हीट लागली की पहिला वाफा रोडावतो, दुसरा पंधरा दिवसांनी टाकलेला हाती लागतो. आठ-दहा दिवस काहीच दिसणार नाही, म्हणून उकरून पाहत बसू नको.

लसूण दसऱ्यानंतर. बाहेरच्या जाड पाकळ्याच घे, टोक वर, दोन सेंटीमीटर खोल. आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला.

तुझे बाबा

ता.क. मोरचूद मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेव. निळं, खडीसाखरेसारखं दिसतं.