दोरा ताणून मोजलेलं अंतर

विलेपार्ले, मुंबई

प्रिय मीना,

परवा तिन्हीसांजेला तुझ्या घरी गेले होते. काकू गॅलरीत उभ्या होत्या आणि जुहूकडे समुद्रावर एक विमान उठत होतं. म्हणाल्या, "याच बाजूला ना गं न्यूयॉर्क? रोज दिवा लावला की मी इकडे बघून मीनाशी दोन शब्द बोलते." आणि मग हळूच, "किती लांब असेल गं?"

मोबाइलवर बघून आकडा सांगता आला असता, पण मला ते बरं वाटेना. घरी जाऊन आपला शाळेतला पृथ्वीगोल घेऊन आले. काकूंनी शिवणाच्या डब्यातून दोरा आणि टेप काढली.

आधी दोरा भिंतीवरच्या नकाशात वाटतो तसा आडवा धरला : अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को, पुढे अटलांटिक. मग एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर दाबून घट्ट ताणला, तर दोरा आपणहून वर सरकला गं! अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, तिथून आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ शिवून कॅनडा, आणि वरून खाली तुझ्याकडे. काकू एकेक नाव मला परत वाचायला लावत होत्या. आइसलँडपाशी थांबून म्हणाल्या, "एवढ्या बर्फावरून गेली माझी पोर?"

दोरा भरला साडेएकोणतीस सेंटिमीटर. गोलाचा घेर ९४, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला सव्वाचारशे. साडेबारा हजार किलोमीटर झाले. आडव्या वाटेने दीड हजारावर जास्त पडतात. विमानाला अगदी दोऱ्यावरून जाता येत नाही, हेही सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांना वळसा पडतो. शिवाय जाताना वरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो. येताना तोच पाठीशी असतो, म्हणून परतीचा वेळ कमी लागतो. हे ऐकून काकूंचा चेहरा उजळला. "येताना लवकर येते ना, मग झालं."

पण गोल आवरताना त्यांनी विचारलंच, "म्हणजे ती समुद्राकडे नाहीच?" मी म्हटलं, काकू, इथून निघणारी सरळ वाट उत्तरेकडे, जरा डावीकडे कलून जाते. अंधेरीच्या अंगाला. त्या गप्प राहिल्या. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली, ओट्यावरचे डबे बाजूला केले आणि तिथे उभं राहून बाहेर बघत राहिल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, बाहेरच्या खोलीत आले.

म्हणून लिहितेय. आपल्याकडे साडेसात वाजतात तेव्हा तुझ्याकडे सकाळ असते, कामाची घाई असते, मला ठाऊक आहे. तरी त्या वेळेला आठवड्यातून दोनदा तरी फोन कर. आणि येशील तेव्हा खिडकीची जागा घे. खाली बर्फ दिसला तर फोटो काढ. काकूंना तो बघायचाच आहे.

तुझी,
सुमा