तीस लाइफवाली चिकाटी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. तीन लाइफमध्ये ‘कॉन्ट्रा’ हा एकट्याने किंवा दोघांनी खेळायचा गोळीबाराचा गेम संपवणाऱ्या आमच्या पिढीकडे चिकाटी होती आणि आजची पोरं दोनदा हरली की मोबाइल आपटतात, असा एकूण सूर. लेखकांच्या चाळीत काय होत होतं ते त्यांना ठाऊक. आमच्या लालबागच्या चाळीत तीन लाइफमध्ये कॉन्ट्रा संपवलेला एकही माणूस नव्हता. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. एवढं दाबलं की तीनाच्या तीस लाइफ व्हायच्या, आणि एवढं दाबल्याशिवाय आम्ही खेळ सुरूच करत नव्हतो. पहिलीतली पोरंसुद्धा हे घडाघडा म्हणून दाखवायची, बेचा पाढा अडायचा तो अडायचाच.

१९९४च्या मे महिन्यात माझ्या दादाने घरोघर पेपर टाकून जमवलेल्या पैशांतून लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून व्हिडिओ गेम आणला. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर ‘९९९ इन १’ असं छापलेलं, आत गेम जेमतेम सात-आठ, बाकी सगळे तेच पुन्हा पुन्हा. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. कॉन्ट्रातल्या एका गड्याची पँट निळी आणि दुसऱ्याची लाल असते, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. आमच्याकडे दोघेही राखाडी. स्टेज सुरू झाली की मी खालचं बटण दाबून माझा गडी जमिनीवर झोपवायचे. झोपला तो माझा. दादाही नेमकं तेच करायचा. मग दोघेही आडवे, आणि समोरून धावत आलेला पहिलाच सैनिक आम्हाला तुडवून पुढे निघून जायचा.

तरीही हा गेम चांगला आहे, आणि तो का चांगला आहे हे लेखात यायला हवं होतं. मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काम करते. बटण दाबल्यावर तिकीट यायला दोन सेकंद जास्त लागले तर रांग काय बोलते ते रोज ऐकते. कॉन्ट्रात ते दोन सेकंद कधी जात नाहीत. दाबलं की उडी. हवेत असताना मन बदललं तर गडी हवेतच मागे वळवता येतो. धावता धावता तिरकी गोळी मारता येते, उडी मारून थेट खालीही. पहिल्या स्टेजच्या पाण्यात खालचं बटण दाबलं की गडी डुबकी मारतो आणि गोळ्या डोक्यावरून जातात, पण पाण्याखाली असेपर्यंत त्याला स्वतःला गोळी मारता येत नाही. लपायचं की मारायचं, एकच काहीतरी. शत्रूच्या गोळ्या सावकाश येतात, डोळ्यांना दिसतात. त्यामुळे एका गोळीत मेलो तरी बहुतेक वेळा वाटायचं, चूक आपलीच.

बंदुकांचंही तसंच. ‘एस’ अक्षराची बंदूक मिळाली की एका दाबात पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात, आणि ती कोणी घ्यायची यावरून आमच्याकडे दोन दिवस अबोला झालेला आहे. ‘एल’ म्हणजे लेझर. जोरदार, पण उतावळ्या माणसाचं काम नाही. पहिली रेघ पोहोचायच्या आत पुन्हा दाबलं की ती जाते आणि नवी सुरू होते. दादा बटण बडवायचा, म्हणून त्याची लेझर बंदुकीच्या तोंडापाशीच विझायची. ‘एफ’ची गोळी गिरक्या घेत रमतगमत जाते. हातात एस असताना एफचं अक्षर नेमकं आपल्या अंगावर येऊन पडायचं, एस जायची, आणि शेजारच्या काकू दारातून विचारायच्या, ‘कोण रडतंय गं?’

आता दोष. मेलं की बंदूक गेली, पुन्हा ती सुरुवातीची फुसकी. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त मदत हवी त्याच्याच हातातलं काढून घ्यायचं. बॉससमोर, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसमोर, एकदा मेलं की पुढच्या चार-पाच लाइफ कशा जातात ते कळतही नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. दुसरा दोष मशीनचा. पडद्यावरच्या एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, त्या मशीनला दाखवता येत नसत. गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकायला लागायच्या, आणि अशा गोळीने मेल्यावर चूक आपली म्हणवत नाही. आणि त्या दोन ‘बेस’च्या, म्हणजे शत्रूच्या तळाच्या, स्टेज, जिथे गडी पाठमोरा दिसतो. खोलीमागून खोली तेच. दादाला त्या आवडायच्या, मला आजही कंटाळा येतो.

पण मुख्य तक्रार तिसऱ्या स्टेजची, धबधब्याची. इथे पडदा आडवा न सरकता वर सरकतो. एकटं खेळताना झकास, वरून दगड गडगडत येतात, मधूनच आधार सरकतात. दोघं असलो की मात्र जो वर चढेल त्याच्या मागून पडदा चढतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या तळाशी गेला की मेला. त्याला गोळी लागलेली नसते, तो दरीत पडलेला नसतो, त्याचा सोबती घाईत असतो एवढंच. दोघांनी मिळून खेळायचा म्हणून ज्या गेमचं नाव, त्याने जोडीदाराच्याच हातून मरायची अशी सोय करावी, ही मला ढिसाळ आखणी वाटते. दादा थोरला, हात चपळ, तो माकडासारखा वर जायचा. माझ्या तीसपैकी निम्म्या लाइफ त्या धबधब्यात गेल्या. ‘थांब ना रे दादा’ हे वाक्य त्या मे महिन्यात मी जितक्यांदा म्हटलं तितकं पुढे त्याच्या लग्नाच्या धावपळीतही म्हटलं नसेल.

लेखात तीस लाइफच्या त्या बटणांचा, म्हणजे कोडचा, उल्लेख ‘चीटिंग’ असा आहे, तोही खटकला. तो कोड काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या, म्हणजे कॉन्ट्रा बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या, माणसाचा, आणि तो कॉन्ट्रासाठी केलेलाही नव्हता. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या मशीनवर आणताना तो तपासायला त्यालाच जड जात होता, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी ही किल्ली ठेवली. कॉन्ट्रा व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनवर १९८७ला आला, घरच्या मशीनवर १९८८ला, तेव्हा त्यात ती आली. हाशिमोतो २०२०च्या फेब्रुवारीत गेले. गेम करणाऱ्यालाच जिथे आधार लागला, तिथे आमच्यासारख्या चाळीतल्या पोरांनी तो घेतला तर त्यात खोटेपणा कसला? फक्त मग तीस वर्षांनी चिकाटीच्या गोष्टी सांगू नयेत.

बरं, कोड न घेता खेळलं तर काय होतं, हे मी गेल्या दिवाळीत पाहिलं. कोनामीने २०१९ साली जुने कॉन्ट्रा एकत्र करून पुन्हा बाजारात आणले. दादाच्या मुलाकडे, माझ्या भाच्याकडे, तो संच आहे. त्यात जपानी आवृत्तीही आहे. तिच्यात पहिल्या स्टेजमधली झाडं हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये खरोखर बर्फ पडतो. आमच्या राखाडी टीव्हीवर बर्फ पडायचा तो अँटेना हलली की. संचात हवं तिथे गेम साठवून ठेवायचीही सोय आहे. भाचा बारा वर्षांचा. ती सोय तो वापरत नाही, कोडही घेत नाही. ‘आत्या, तीस लाइफ घेतल्या तर मग भीती कसली?’ म्हणाला. मेला की पुन्हा पहिल्यापासून, न चिडता. मोबाइल आपटताना मी त्याला अजून तरी पाहिलेलं नाही. रिमोट आपटताना त्याच्या बापाला पाहिलेलं आहे.

मग आम्ही दोघं मिळून बसलो. धबधब्यात मी खाली अडकले तेव्हा तो वरच्या खडकावर थांबून राहिला, तिथल्या तिथे उड्या मारत, दगड चुकवत, माझी वाट बघत. त्यात त्याची एक लाइफ गेली. तीन लाइफमध्ये तो एकटा सहाव्या स्टेजपर्यंत जातो. मी तिसरीतच आहे.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई