निळ्या छापांचे पुस्तक आणि खारे पाणी

महोदय,

अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांचे सायनोटाइप (उन्हाने कागदावर उमटणारे निळे छाप) छापून काढलेले पुस्तक आज मोजक्या ग्रंथालयांत दुर्मिळ ठेवा म्हणून जपले जाते. तसे पुस्तक गावच्या वाचनालयातही बनवता येते. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, वेगळ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. समभाग मिसळून अंधाऱ्या खोलीत कागदाला लावा. वाळल्यावर बाभळीची डहाळी काचेखाली दाबून उन्हात ठेवा. (पळसाचे पान नको, नुसता ठोकळा उमटतो.) मग कागद पाण्याने धुवायचा; खरी गोम या धुण्यात आहे. खारपाणपट्ट्यातल्या अल्कधर्मी बोअरच्या पाण्याने निळा रंग उडतो. साठवलेले पावसाचे पाणी घ्या, त्यात लिंबाचे थेंब पिळा. बांधताना पानांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटयुक्त कागद घालू नका. संग्रहासाठीचा म्हणून महाग विकतात, पण तोही रंग खातो.

– वाचनालय कार्यकर्ते, दर्यापूर (जि. अमरावती)