जुन्या स्की घेताय? आधी बूट वाकवून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीत बर्फातल्या ट्रेकबद्दल वाचलं म्हणून लिहितोय. सोलापूरच्या ४२ डिग्रीत स्कीचं काय काम असं आई पण म्हणते, पण मी मनालीतून जुन्या बॅककंट्री स्की (तयार उतार सोडून रानातल्या बर्फात चढ-उतार करायच्या) स्वस्तात आणल्या, २०५ सेंटीमीटरच्या, सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या बर्थमधून वीतभर बाहेर, रात्रभर येणाऱ्याजाणाऱ्याची बोलणी खाल्ली. स्की मात्र भारी, कडेची लोखंडी पट्टी गंजलेली ती पॉलिशपेपरने निघाली. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायची पकड, तीन पिनांचं, ७५ मिलिमीटरवालं, पुढचा पंजाच अडकतो अन् टाच मोकळी, म्हणून चढ चढता येतो, पण पडलो तर बूट आपोआप सुटत नाही, गुडघ्यावर येतं, हे दुकानदार सांगत नाही बरं का.

खरा घोळ बुटांचा. वरून चकाचक, उत्तराखंडात औलीच्या बर्फात पहिल्याच दिवशी सोलचा शेंगापोळीसारखा भुगा. ते जुनं प्लॅस्टिक नुसतं ठेवून पण ओलाव्याने आतून कुजतं म्हणे. आणि चढताना स्कीखाली चिकटवायच्या स्किन मी येडपटासारख्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या, मे महिन्यात गोंद पाघळून एकमेकींना अशा चिकटल्या की दोघांनी ओढूनही सुटेनात. आता स्की माळ्यावर आहेत, बूट शोधतोय.

आपला एक वाचक, सोलापूर