स्कॉलरशिप नाही, बाबा

एलिकॉट सिटी, मेरीलँड
ऑगस्टअखेर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा मावशीचा फोन आला. "ईराला स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळाली म्हणे, अभिनंदन!" बाबा, ही बातमी कऱ्हाडातून कोल्हापूरपर्यंत कोणी पोचवली ते मी विचारत नाही. पण तुमच्या नातीला स्कॉलरशिप मिळालेली नाही, आणि खरं सांगायचं तर ॲडमिशनही अजून व्हायची आहे. फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता, मग अर्धं राहून जातं. म्हणून लिहायलाच बसले.

इथे कॉलेजच्या खेळात तीन पायऱ्या आहेत: डिव्हिजन वन, टू आणि थ्री. ईराचा तो जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, लॅक्रोस, त्यासाठी तिला विचारणा झालीय ती थ्रीमधल्या एका छोट्या कॉलेजातून. थ्रीमध्ये खेळाडू म्हणून एक डॉलरही द्यायचा नाही, असा नियमच आहे. आणि वनचं तरी काय? मुलींच्या लॅक्रोसला 2025 पर्यंत एका संघामागे 12 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि संघात मुली तीसएक. कोच त्यांचे तुकडे करून वाटायचे. तेव्हा "लॅक्रोस खेळली आणि चार वर्षं फुकट शिकली" असं कोणी सांगितलं, तर अर्धंच खरं माना.

वनच्या कोचना मुलींशी बोलायला अकरावीच्या वर्षातल्या 1 सप्टेंबरपर्यंत बंदी असते. त्यामुळे 31 ऑगस्टच्या रात्री बारा वाजले की इथल्या क्लबमधल्या मुलींचे फोन वाजायला लागतात. मेरीलँडमध्ये तर विचारूच नका, 2004 पासून लॅक्रोस हा राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे. गेल्या वर्षी त्या रात्री ईराचा फोन उशाशी होता आणि गप्प होता. तिच्या क्लबमधल्या दोघी-तिघींना बोलावणी आली. सकाळी ही उठली, काठी घेतली आणि गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत बसली. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. शेजाऱ्यांनी तक्रार कशी केली नाही, देव जाणे.

मग तिने छोट्या कॉलेजांना स्वतःच मेल लिहायला घेतले. हे मुलीनेच करायचं असतं. आईबापांनी कोचला मेल केला की कोचच्या भुवया वर जातात, म्हणून आम्ही दोघं मुकाट बसलो. (मला किती जड गेलं ते आईला कळेल.) मेलमध्ये जर्सीचा नंबर, शाळेतले ग्रेड, उन्हाळ्यातल्या सामन्यांचं वेळापत्रक आणि तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओची लिंक. ईरा बचावात खेळते. गोल मारणाऱ्या मुलींचा व्हिडिओ सोपा असतो. हिच्या व्हिडिओत समोरच्या मुलीला गोलपासून बाहेर ढकलत नेणारे पाय बघायचे असतात, आणि ते बघायला जाणकार डोळा लागतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला चित्र थांबवून तिच्याभोवती गोल काढायचा, म्हणजे कोचला शोधावं लागत नाही. ते गोल काढायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

उत्तरं आली, पण बहुतेक कॅम्पच्या जाहिराती. "आमच्या शिबिराला ये, तुला बघायला आवडेल." फी भरा आणि या. सुरुवातीला आम्ही हरखलो, नंतर कळलं की असा मेल शेकडो मुलींना जातो. खरी ओढ असलेला कोच मुलीच्या खेळातली एखादी नेमकी गोष्ट लिहितो, आणि पुढचा फोन कधी करू ते विचारतो. एकूण हा खेळ इथे पैसेवाल्यांचा झालाय, हे माझं मत मी लपवत नाही. क्लबची फी, प्रवास, हॉटेलं. इथल्या ज्या होडेनोशोनी या मूलनिवासी लोकांचा हा मूळचा खेळ, जे तो देवाने दिलेला मानतात, त्यांना या उन्हाळी बाजाराबद्दल काय वाटत असेल कोण जाणे. बाबा, तुमचं क्रिकेट ज्या 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतंय, तिथेच लॅक्रोसही परत येतंय. आपल्याच झेंड्याखाली खेळू द्या, अशी त्या लोकांची मागणी आहे.

जुलैतल्या स्पर्धा तुम्ही बघायला हव्या होत्या. मैदानाला लागून मैदान आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले कोच. अंगात कॉलेजच्या नावाचा शर्ट, मांडीवर मुलींच्या नंबरांची यादी. एक बाई ईराच्या सामन्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत बसल्या होत्या. एका चुकीनंतर ईराने मान खाली न घालता धावत जाऊन पुन्हा जागा घेतली, तेव्हा त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ईराला विचारणा करणाऱ्या कोच त्याच.

आता खरा मुद्दा. कोचच्या हातात पैसे नाहीत, पण शब्द आहे. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात, 1 जुलैनंतर, कोच मुलीचे मार्क आणि विषय कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला आधीच दाखवून घेतो. याला इथे प्री-रीड म्हणतात. "हिचा अर्ज आला तर जमेल का?" असं विचारणं, एवढंच. ईराचं उत्तर चांगलं आलंय. आता तिने नोव्हेंबरात अर्ली डिसिजनमधून तिथे अर्ज करायचा. तो बांधील असतो, म्हणजे निवड झाली तर तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. कोचने "माझा पूर्ण पाठिंबा आहे" म्हटलंय, पण पत्र ॲडमिशन ऑफिस देतं. म्हणूनच कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. आई, रागावू नकोस, तुझ्या पोटात राहायचं नाही.

खेळाचे वाढीव गुण मिळून सुटण्यातला हा प्रकार नव्हे. मार्क तिथे लागतात तेवढे असावेच लागतात. पण त्या तोडीची मुलं जागांपेक्षा कितीतरी जास्त अर्ज करतात, आणि तिथे कोचच्या शब्दाने पारडं झुकतं.

बाबा म्हणाले होते, "नावही ऐकलं नाही असलं कॉलेज!" तर अशा कॉलेजांपैकी विल्यम्स 1793 सालचं आहे, म्हणजे पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते तेव्हाचं. बोडन 1794 चं. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास. तिथे प्राध्यापक स्वतः शिकवतात, नावाने ओळखतात. ईराला जीवशास्त्र करायचंय. मोठ्या संघात बाकावर बसून चार वर्षं काढण्यापेक्षा इथे ती खेळेलही आणि दुपारची प्रॅक्टिकलंही करेल.

खर्चाचं विचारलंत. अशा कॉलेजांचा छापील आकडा वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर जातो. घाबरू नका, तो सगळ्यांना भरावा लागत नाही. आमचं उत्पन्न, घर, बचत सगळं बघून कॉलेज मदत ठरवतं, आणि त्याचा अंदाज आम्ही अर्जाआधीच मागून घेतलाय. आम्हाला झेपेल. महत्त्वाचं म्हणजे ही मदत खेळावर अवलंबून नाही. या खेळात मुलींचे गुडघे जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. उद्या गुडघा गेला किंवा दुसऱ्या वर्षी तिला वाटलं की पुरे झालं, तरी तिच्या फीमध्ये एक पैशाचा फरक पडणार नाही. मला झोप लागते ती याच कलमामुळे.

तेव्हा बाबा, कट्ट्यावर एवढंच सांगा की नात अर्ज करतेय. खो-खोच्या तुमच्या गोष्टी मात्र तिला फोनवर जरूर सांगा. पाठलाग करताना समोरच्याच्या कमरेकडे बघायचं, हे तुम्ही तिला सांगितलं होतंत, ते ती अजून पाळते.

आणि दिवाळीनंतर येण्याऐवजी एप्रिलमध्ये या. शाळेतले तिचे शेवटचे सामने मार्च ते मे असतात, थंडीही ओसरलेली असते. आईच्या गुडघ्यासाठी मुंबईपासून व्हीलचेअर सांगून ठेवते, नको म्हणायचं नाही. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि व्हिसाचा फोटो या आठवड्यात पाठवा. बाबांच्या व्हिसाची मुदत मला बघायची आहे.

तुमची,
मंजू