ग्रंथालयातल्या नोंदी मागवताना आणि पाठवताना

घराण्याच्या जुन्या नोंदी शोधणाऱ्या आपल्या गटातल्या सभासदांनो, ‘आमच्या पणजोबांबद्दल काही मिळेल का?’ एवढ्यावर कोणालाच काही शोधता येत नाही. पूर्ण नाव (स्पेलिंगच्या सगळ्या तऱ्हांसह), जन्माचे अंदाजे साल, गाव, कोणती नोंद हवी आणि आधी काय पाहून झाले, हे एकाच मेसेजमध्ये लिहा. शेवटचा मुद्दा हमखास राहतो आणि मग दुसरा सभासद तेच रजिस्टर पुन्हा चाळत बसतो.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली की नाद सोडू नका. त्यावर क्लिक केले की नोंदीची प्रतिमा घरून का उघडत नाही ते कळते. पुष्कळदा ती प्रतिमा त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात उघडते. मायक्रोफिल्म (नोंदींच्या बारीक छायाचित्रांची फीत) त्यांच्याकडून मागवण्याची सोय मात्र २०१७ मध्येच बंद झाली. संदर्भ विभागातले पुस्तक घरी मिळत नाही, तेव्हा अनुक्रमणिका आणि हवी ती पाने स्कॅन करून मागा.

ग्रंथालयात जाणाऱ्याकडे एका वेळी दोनच नोंदी मागाव्यात. त्याने आधी शीर्षकपृष्ठाचा फोटो घ्यावा, मग पानाचा, पृष्ठांक न कापता. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एरवी ॲप तो दाबून लहान करते आणि फिकट शाईतला १ की ९ ते कळेनासे होते.

‘नाही. पान ४१ पर्यंत पाहिले.’ हे उत्तर तुटक वाटेल, पण ते पूर्ण आहे; रागावू नका. लांबलचक लिहिणाऱ्यांनी प्रश्न पहिल्या ओळीत घ्यावा, घराण्याचा इतिहास नंतर. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा गटात टाकू नयेत.